मुरक्का : ठिगळांच्या पानांची तवारीख

माझ्या नानीच्या पत्र्याच्या पेटीत एक जुना फोटो होता. घरातल्या पाच बायका एका ओळीत उभ्या आहेत, आणि डावीकडून दुसरी जागा कात्रीनं कापून काढलेली आहे. शेजारणीच्या खांद्यावर ठेवलेला एक हात तेवढा शिल्लक राहिलाय. हा हात कुणाचा, असं लहानपणी विचारलं की मोठी माणसं विषय बदलायची. पुढे कळलं, तो नानीच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे अम्मीच्या खालाचा. घरच्यांची मर्जी नसताना त्यांनी परगावी शाळेत नोकरी धरली. रागाच्या भरात कुणीतरी त्यांना फोटोतून काढून टाकलं.

दोन वर्षांपूर्वी अम्मीनं तो फोटो माझ्या हातात ठेवला. खालाचा एक वेगळा फोटो तिला नात्यात कुठेतरी मिळाला होता. कंप्युटरवर खालाला परत त्यांच्या जागी उभं करता येईल का, एवढंच तिनं विचारलं. मला तर फोटो सरळ कापताही येत नव्हता.

अशी मी डिजिटल स्क्रॅपबुक शिकायला गेले. घरातले फोटो, पत्रं, दाखले, लग्नपत्रिका स्कॅन करायच्या आणि त्यांची मजकुरासह सजवलेली पानं कंप्युटरवर रचायची, असा हा छंद. आमच्या गावात सात-आठ जण रविवारी जुहरनंतर एकत्र बसतात. फी नाही. चित्रकलेच्या एक ताई आहेत, फोटो स्टुडिओ चालवलेले चाचा आहेत, कॉलेजच्या दोन मुली आहेत आणि पूर्वी उर्दू किताबत करणारे एक बुजुर्ग कातिबसाहेब आहेत. नियम एकच, जो कालपरवा शिकला त्यानंच नवख्याला शिकवायचं. त्यामुळे मला पहिला धडा माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या मुलीनं दिला. बीएड करून इतकी वर्षं शिकवते आहे, पण चुकलेल्याला न हिणवता शिकवणं म्हणजे काय, ते तिथं नव्यानं कळलं.

माझं पहिलं पान वाया गेलं. लहान आकारात स्कॅन केलेला फोटो मोठा केला आणि चेहरे धुरकट झाले. चाचांनी हिशोब समजावला. बारा इंचाचं पान नीट छापायचं तर इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे एका बाजूला ३६०० ठिपके. मग लेअर शिकले. खाली कागदाचा पोत, त्यावर किनार, त्यावर फोटो, सर्वात वर अक्षरं. एक थर हलवला तरी बाकीचे जागचे हलत नाहीत. मी हरखून गेले, तेव्हा कातिबसाहेब हसून म्हणाले, “बेटी, ही तर वसली झाली. आपल्याकडं हे काम कागदावर व्हायचं.”

त्या एका वाक्यानं मला इतिहासाकडं वळवलं.

ठिगळांचा झगा

वसली म्हणजे कागदावर कागद खळीनं चिकटवून, गुळगुळीत दगडानं घोटून केलेला जाड कागद. अशा पानांवर सुलेखनाचे नमुने आणि चित्रं चिकटवून जो संग्रह बांधायचे, त्याला ‘मुरक्का’ म्हणत. शब्द अरबी आहे आणि त्याचा अर्थ ‘ठिगळं लावलेला’. सूफी दरवेशांच्या ठिगळं जोडलेल्या झग्यालाही हाच शब्द होता. फकिराचा झगा आणि बादशहाच्या कुतुबखान्यातला सोन्यानं मढवलेला अल्बम, दोन्हींचं नाव एकच!

इराणच्या शाह तहमास्पचा भाऊ बहराम मिर्झा याच्यासाठी दोस्त मुहम्मद या कलावंतानं एक मुरक्का सिद्ध केला. तो आज इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहात आहे. साधारण १५४४-४५ मध्ये दोस्त मुहम्मदनं त्याला लांबलचक दीबाचा, म्हणजे प्रस्तावना लिहिली. त्यात कोणता खुशनवीस कोणाचा शागिर्द, कोणत्या चित्रकाराचा उस्ताद कोण, याची साखळी त्यानं नोंदवून ठेवली. नुसती पानं जोडून त्याचं भागलं नाही, ज्यांनी ती घडवली त्यांचा सिलसिलाही त्याला त्या जिल्दीत हवा होता. तसवीर जायज की नाजायज, हा आजही आपल्या घरांत निघणारा सवाल त्याच्याही पुढे होता. पैगंबरांच्या तसबिरी ठेवलेल्या संदुकीची जुनी कथा सांगून त्यानं चित्रकलेची बाजू मांडली आहे.

हिंदुस्थानात जहांगीरनं शहजादा असतानाच असा संग्रह सुरू केला. ‘मुरक्का-ए-गुलशन’ नावानं प्रसिद्ध असलेल्या त्या अल्बमचा मोठा भाग आज तेहरानच्या गुलिस्तान महालात आहे. मीर अलीसारख्या नामवंतांचं सुलेखन, इराणी चित्रं, मुघल चित्रं, युरोपातून आलेली छापील चित्रं, सगळं त्यात एकत्र नांदतं. वेगवेगळ्या मापांचे हे तुकडे एका मापाच्या पानात बसवायला भोवती ‘हाशिया’, म्हणजे रुंद समास, जोडायचे. जोड दिसू नये म्हणून सांध्यावर सोनेरी आणि रंगीत रेघांची चौकट काढायचे. तिला ‘जदवल’ म्हणतात. आम्ही फोटोला जी बॉर्डर देतो, तिचं मूळ काम हेच.

या अल्बमच्या एका हाशियात दौलत नावाच्या चित्रकारानं आपल्या सोबतच्या कलावंतांच्या तसबिरी काढल्या आहेत, स्वतःचीही. मधल्या जागेवर बड्यांची कला आणि कडेला कारखान्यातली माणसं. मला हा त्यांचा ग्रुप फोटो वाटतो. कारण हे काम एकट्यादुकट्याचं नव्हतंच. कागद घोटणारा वेगळा, रेघा मारणारा वेगळा, सोनं चढवणारा वेगळा. एका चित्रात एकानं चेहरा आणि दुसऱ्यानं डोळे-भुवया काढल्या असल्या तरी आपण ओळखू शकतो, अशी बढाई जहांगीरनं आपल्या आठवणींत मारली आहे.

दख्खनचा मास्क

आपलं दख्खनही मागं नव्हतं. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या हातकागद होत आला. आणि सतराव्या शतकात विजापूरच्या कलावंतांनी ‘अबरी’त कमाल केली. पाण्यावर रंग तरंगवायचे, त्यावर कागद टेकवायचा आणि ढगांसारखी नक्षी उचलायची, ही अबरी. विजापूरकरांनी कागदाचा काही भाग झाकून ठेवला आणि उरलेल्या भागावरच नक्षी उतरवली. त्यातून आकृत्या उमटल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असा एक हाडकुळा घोडा आणि त्याचा स्वार आहे.

आम्ही ज्याला ‘मास्क’ म्हणतो, ते हेच. झाकलेलं राखायचं, उघडं बदलायचं. चित्रकलेच्या ताईंनी मला मास्क शिकवताना विजापूरचा तो घोडाच समोर ठेवला, आणि महिनाभर न कळलेली गोष्ट दहा मिनिटांत कळली.

फोटोशॉपमध्ये लेअर आले १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत. त्याच वर्षी दिल्लीतल्या एका कंपनीचं इनपेज आलं आणि उर्दूची पानं घरच्या कंप्युटरवर जुळवता येऊ लागली. त्याआधी पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती स्वतः लिहून नूरी नस्तालीक सिद्ध केला होता. १९८१ मध्ये ‘जंग’ हे वर्तमानपत्र त्यात छापलं गेलं. नवं आलं तसे हातानं पानं लिहिणारे कातिब घरी बसले. आमचे कातिबसाहेब त्यांतलेच. ज्या यंत्रानं त्यांची रोजी गेली, त्याच यंत्रावर ते आज आम्हाला अक्षरं कशी बसवायची ते सांगतात. नस्तालीक उतरत जातं, म्हणून दोन ओळींत जास्त जागा सोडा. मराठीत वर वेलांटी आणि खाली उकार, त्यांनाही श्वास घेऊ द्या. उर्दू उजवीकडून आणि मराठी डावीकडून येते, तेव्हा दोघींना पानाच्या मधोमध भेटवा. हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं.

छंद म्हणून आजचं स्क्रॅपबुक मात्र अमेरिकेतून आलं. लेखक मार्क ट्वेननं १८७३ मध्ये आधीच डिंक लावलेल्या पानांच्या वहीचं पेटंट घेतलं होतं. पुढे १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या एका परिषदेत मॅरिएलन ख्रिस्टेन्सन या गृहिणीनं आपल्या कुटुंबाचे अल्बम मांडले आणि तिथून हा छंद घरोघरी पसरला. ती मॉर्मन पंथाची. वाडवडिलांची नोंद ठेवणं हे त्या पंथात धर्मकार्य मानलं जातं. एका छोट्या समाजानं आपली माणसं विसरली जाऊ नयेत म्हणून घेतलेली मेहनत, असं या छंदाचं मूळ आहे. मला ते परकं वाटत नाही.

खोडलेलं नाव

आता पुन्हा नानीच्या फोटोकडं येते. खालाला परत बसवण्याइतकं मी शिकले, तेव्हा आमच्या गटात वाद झाला. चाचा म्हणाले, असं बेमालूम बसवू की कधी कापलं होतं हे कुणाला कळणार नाही. ताईंचं म्हणणं होतं, कात्रीची कड तशीच राहू दे. मला चाचांचं पटत होतं. अम्मीला दुखवायचं नव्हतं.

त्या दिवसांत मी दारा शुकोहच्या मुरक्क्याबद्दल वाचत होते. १६४० च्या दशकात त्यानं तो आपली बेगम नादिरा बानू हिला भेट दिला आणि स्वतःच्या हातानं तसं लिहिलं. १६५९ मध्ये दाराला ठार मारण्यात आलं. अल्बम शाही कुतुबखान्यात गेला आणि त्याच्याशी दाराचं नातं सांगणारा मजकूर पुसण्याचा प्रयत्न झाला. पण सगळं पुसलं गेलं नाही. आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि दारा-नादिराच्या नावानंच ओळखला जातो.

हे वाचून मी ठरवलं. ज्यानं कापलं त्यानं एक गोष्ट लपवली. मी सांधा लपवला, तर दुसरी लपवीन. खाला फोटोत परत येतील, पण त्यांना काढलं होतं हे पुसलं जाईल. मग त्यांनी कशाची किंमत मोजली, हे माझ्या मुलींना कसं कळणार? मुरक्का म्हणजे ठिगळ, मग ते दिसायलाच हवं.

मी खालाचा चेहरा त्या पोकळीत ठेवला. कात्रीची कड तशीच ठेवून तिच्यावर बारीक सोनेरी जदवल ओढली. खाली उर्दू आणि मराठीत सहा जणींची नावं लिहिली. हाशियात लहान अक्षरांत लिहिलं की दुसऱ्या जागेचा चेहरा नंतर जोडला आहे, आणि का. शेवटी चाचा, ताई, कातिबसाहेब आणि मला लेअर शिकवणारी ती मुलगी, सगळ्यांची नावं घातली.

अम्मीनं छापलेलं पान बराच वेळ पाहिलं. सोनेरी रेघेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “इथून कापलं होतं ना?” मी हो म्हणाले. मग तिनं खालाबद्दल बोलायला सुरुवात केली. कोणत्या शाळेत होत्या, पहिल्या पगारातून काय आणलं होतं, नानी चोरून त्यांना पत्र कसं पाठवायची. एवढ्या वर्षांत यातलं एक अक्षरही मी ऐकलं नव्हतं.

तुमच्याही घरी अशी पेटी असेल. मोठी माणसं आहेत तोवर ती उघडा, आणि फोटोच्या मागं नावं लिहून घ्या. बाकीचं शिकवायला कुणी ना कुणी भेटतं.