गाडी कुणाची, वेळ कुणाची



परवा संध्याकाळी चुलत भावाचा मुलगा घरी आला. हातात शोरूममधलं कोटेशन. "नाना, पिकअप घ्यायची म्हणतोय. तुमचं काय मत?" दोन एकर टोमॅटो, एक एकर मेथी-कोथिंबीर आणि थोडा कांदा, एवढी त्याची शेती. हप्त्याचा आकडा ऐकून त्याच्या आईचा जीव खालीवर होतोय. मी लगेच हो-नाही केलं नाही. म्हटलं, बस, चहा घे, आणि आपल्या घरातल्या गाड्यांचा इतिहास ऐक. मग तूच ठरव. त्याला जे सांगितलं तेच आज इथे लिहितोय, कारण दर हंगामाला हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात. नारायणगावचा बाजार बारा किलोमीटर, पुणे नव्वदच्या आत-बाहेर.

बैलाच्या चालीनं ठरलेली पिकं

आजोबांकडे बैलगाडी होती. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, कण्याला वंगण. भरलेली गाडी तासाला तीन-चार किलोमीटर चालणार. म्हणजे नारायणगाव गाठायलाच चार तास. रात्री दोनला गाडी जुंपली तर दिवस उगवायला बाजारात. शिवाय बैलांच्या अंगात परतीची ताकद राहिली पाहिजे. नंतर काही जणांनी टायरची गाडी केली. ओढायला हलकी, माल थोडा जास्त बसायचा, पण चाल बैलाचीच.

मग आजोबांच्या रानात काय असायचं? बाजरी, हरभरा, भुईमूग, थोडा कांदा. चार दिवस उशिरा पोचलं तरी बिघडणार नाही असंच पीक. मेथी-कोथिंबीर विहिरीजवळच्या वाफ्यात, घरापुरती. जुन्या माणसांना भाजीपाल्याची अक्कल नव्हती असं कुणी म्हटलं की मला राग येतो. अक्कल होती. पण दुपारपर्यंत जुडी सुकते हे बैलाला कोण सांगणार?

शेतात काय लावायचं हे जमीन आणि पाणी ठरवतं असं आपण म्हणतो. ते खरंच आहे. पण तिसरी गोष्ट गाडी. माल किती वेळात बाजारात पोचतो, त्यावरही पीक ठरतं.

टेम्पो हा शब्द कुठून आला

१९५८ साली नगरच्या फिरोदिया घराण्यातल्या नवलमल फिरोदियांनी बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. सहकार्य जर्मनीतल्या टेम्पो कंपनीचं. त्यांची हान्सिएट नावाची तीनचाकी इथे बनू लागली. पुढे एक चाक, मागे दोन, आणि मागच्या हौद्यात माल. टेम्पो हे खरं तर त्या जर्मन कंपनीचं नाव. आपण ते असं उचललं की पुढे टाटाची असो नाहीतर महिंद्राची, मालाची लहान गाडी म्हणजे टेम्पो. १९६९ साली त्याच कंपनीची मॅटाडोर आली. तिचंही तेच झालं. आमच्याकडे कितीतरी वर्षं कुठल्याही बंद गाडीला मॅटाडोरच म्हणायचे.

त्यानंतरच्या काळात आमच्या भागात येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची धरणं टप्प्याटप्प्यानं झाली. पाणी आलं तशी बाजरी मागे सरली, टोमॅटो, फ्लॉवर, पालेभाज्या पुढे आल्या. शेतात नाशवंत माल आला, पण गाडी दुसऱ्याची होती.

तेव्हाची पद्धत जुन्या लोकांना आठवत असेल. चार-सहा गावांचा माल गोळा करणारी एकच गाडी. ती संध्याकाळी रस्त्यावर येणार, भरली की पुण्याला निघणार. आधी चढलेला माल खाली दबणार. मार्केट यार्डात आडत्याकडे माल उतरणार आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर पट्टी घेऊन येणार. माल कुणी घेतला, भाव कसा फुटला, दुसऱ्याचा माल कसा होता, यातलं काही शेतकऱ्यानं पाहिलेलं नसायचं. हातात फक्त पट्टी.

मी नववीत होतो तेव्हाची गोष्ट. वडिलांनी फ्लॉवर काढून गोण्या रस्त्याकडेला लावल्या. गाडी आलीच नाही. तिला वऱ्हाडाचं भाडं जास्त मिळालं होतं. आम्ही बापलेक रात्रभर कंदील लावून गोण्यांजवळ बसलो. दुसऱ्या संध्याकाळी माल गेला. तोवर गड्ड्यांवर पिवळटपणा आला होता. पट्टी आली त्यात भाडं, हमाली, तोलाई जाऊन जे उरलं त्यात रोपांचे पैसेही फिटले नाहीत. वडिलांनी पट्टीची घडी केली आणि कॅलेंडरमागे खोचली. ड्रायव्हरला ते एक शब्द बोलले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "त्याची गाडी, त्याची वेळ."

ते वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

चाळीस क्रेटवाल्याची गाडी

ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांशी हातमिळवणी करून बऱ्याच गाड्या आल्या. स्वराज माझदा, डीसीएम टोयोटा, आयशर मित्सुबिशी, ऑल्विन निस्सान. १९८६ ला टाटाची ४०७ आली. गाड्या चांगल्या होत्या, पण वाहतूकदाराच्या मापाच्या. ज्याच्याकडे एका तोड्याला तीस-चाळीस क्रेट निघतात, तो ४०७ कशानं भरणार? त्याला पुन्हा इतरांचा माल भरायची वाट बघणं आलंच.

मे २००५ मध्ये टाटा एस आली. दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं डिझेल इंजिन, म्हणजे इंडिकाच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचं जवळजवळ अर्धं. पाऊण टन वजन नेणार, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. गावात, पांदीत, अरुंद गल्लीत वळणारी. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटलं आणि तेच नाव राहिलं. गंमत बघा, त्याच २००५ साली बजाज टेम्पोनं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. कंपनीच्या पाटीवरून टेम्पो गेला, आपल्या तोंडातून काही गेला नाही.

दुसऱ्या बाजूनं महिंद्राची पिकअप आली. या कंपनीनं स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीस जीप जोडायला सुरुवात केली होती. जीपवरून बोलेरो, बोलेरोवरून पिकअप. छोट्या हत्तीच्या दुप्पट माल, आणि कच्च्या रस्त्याला न घाबरणारी. आज आमच्याकडे लिलावाच्या वेळी बाजाराबाहेर रांग लागते ती बहुतेक या दोन जातींच्या गाड्यांची.

मी २००९ ला मेहुण्याबरोबर भागीत जुना छोटा हत्ती घेतला. भाडं वाचेल एवढीच अपेक्षा होती. भाडं थोडं वाचलं. पण बदल झाला तो वेगळाच.

पहिला बदल तोडणीच्या वेळेत. आधी गाडी चारला येते म्हणून भर उन्हात माल तोडायचो. तापलेला माल गोणीत, गोणीवर गोणी. आता पालेभाजी ऊन उतरल्यावर काढायची, सावलीत जुड्या बांधायच्या आणि पहाटे बाजारात उभं राहायचं. औषध तेच, खत तेच, फक्त माल थंड असताना निघाला. टवटवी डोळ्यांनी दिसते.

दुसरा बदल तोड्यात. गाडी भरण्याइतका माल होईपर्यंत टोमॅटो झाडावर ठेवायचो, त्यात निम्मा लाल होऊन मऊ पडायचा. घरची गाडी असली की पंचवीस क्रेट निघाले तरी जाता येतं. रंग फिरायला लागला की तोडायचा. लांबच्या बाजाराला तोच माल चालतो.

तिसरा बदल, बाजार डोळ्यांनी पाहिला. ग्रेडिंग मी कुठल्या शिबिरात शिकलो नाही. शेजारच्या क्रेटला माझ्यापेक्षा जास्त भाव का मिळाला हे लिलावात उभं राहून बघितलं, दुसऱ्या दिवशी घरी तीन ढीग करायला लागलो. आणि निघायच्या आधी चार फोन करून नारायणगाव, पुणे की वाशी हे ठरवता यायला लागलं. कांदा असेल आणि भाव पडला असेल तर गाडी माघारीही आणता येते. परक्याच्या गाडीतून माल माघारी आणायचा म्हणजे दुप्पट भाडं. म्हणून मिळेल त्या भावात सोडून यायचो.

परतीला गाडी रिकामी येत नाही हेही आहेच. रोपवाटिकेतून रोपांचे ट्रे, ठिबकच्या नळ्या, पेंड, शेणखत, कधी आजारी वासरू. आईला रात्री तीनला दम लागला तेव्हा याच गाडीच्या केबिनमध्ये बसवून दवाखान्यात नेलं.

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. समितीच्या आवाराबाहेर विकायची मुभा मिळाली. पण मुभा कागदावर असते, माल तिथवर न्यायला चाकं लागतात. त्याचा अर्थ २०२० च्या टाळेबंदीत कळला. बाजार कधी चालू, कधी बंद. तेव्हा पुण्यातल्या सोसायट्यांच्या दारात थेट भाजी घेऊन जे शेतकरी गट पोचले, त्यांच्याकडे किंवा त्यांच्या भरवशाच्या माणसाकडे लहान गाडी होती. मोठी गाडी त्या गल्ल्यांत शिरलीही नसती.

आता दुसरी बाजू

एवढं ऐकून पोरगा खूश झाला. म्हणाला, "म्हणजे घेऊच ना नाना?" म्हटलं, थांब.

टोमॅटोचा क्रेट वीस किलोचा, रिकामा क्रेट दीड-दोन किलो. पाऊण टनात हिशेबानं चौतीस क्रेट बसतात. आम्ही पन्नास भरले आहेत, खोटं कशाला बोलू. म्हणजे अकराशे किलो. एकदा खेडच्या घाटात उतरताना ब्रेक तापून वास सुटला, पाय दाबला तरी गाडी धरेना. पुढे एसटी होती. कसाबसा गिअर खाली टाकून कडेच्या मातीत गाडी घातली. चूक गाडीची नव्हती, सोळा जादा क्रेटची होती. त्या दिवसापासून क्रेट मोजूनच भरतो.

दुसरं, मजूर. तोडणीच्या बायका मागे उभ्या करून नेणाऱ्या गाड्या रोज दिसतात. मालाच्या गाडीत मागे माणसं भरायला परवानगी नाही, आणि अपघात झाला तर विम्याच्या भरवशावर राहू नका. आपल्या शेतात राबणारी माणसं क्रेटसारखी भरू नयेत, याला कायदा तरी कशाला लागावा?

परवान्याची मात्र चिंता मिटली आहे. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं की हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवू शकतो. आपल्या पिकअप त्यात येतात.

तिसरं आणि मोठं, हप्ता. कागद घेऊन आम्ही त्याच्या वर्षभराच्या फेऱ्या मोजल्या. टोमॅटोचे तोडे, पालेभाजी, कांदा सगळं धरून साठच्या आत. म्हणजे वर्षातले तीनशे दिवस गाडी दारात उभी आणि हप्ता मात्र बारा महिने चालू. टोमॅटोचा भाव पडला म्हणून हप्ता थांबत नाही. वडिलांच्या वेळी वेळ गाडीवाल्याची होती, याच्या वेळी ती कर्ज देणाऱ्याची होईल. मग बदललं काय?

मी त्याला म्हटलं, "तुला गाडी पाहिजे की वेळ पाहिजे, ते आधी ठरव. वेळ पाहिजे असेल तर एकट्यानं नवी घेऊ नकोस. लागवडीच्या तारखा पुढेमागे असलेले तिघं मिळून एक चांगली जुनी बघा."

"भागीत भांडणं होतात, नाना."

"होतात. मी आणि मेहुणा दोन महिने बोलत नव्हतो. डिझेलवरून. म्हणून वही ठेवायची. कुणाची पाळी, किती किलोमीटर, किती डिझेल, टायर-विम्याचे पैसे दर फेरीमागे बाजूला. आणि दोघांचा तोडा एकाच दिवशी आला तर कुणी आधी जायचं, हे गाडी घ्यायच्या आधी लिहून ठेवायचं. भाव चढलेला असतो तेव्हा सख्खा भाऊही थांबत नाही."

त्यानं कोटेशनची घडी करून खिशात घातली. येत्या रविवारी आणखी दोघांना घेऊन येतो म्हणाला. त्याच्या आईनं मला जाताना लाडू दिले, त्यावरून निकाल काय तो समजा.

तुम्हीही घ्यायच्या विचारात असाल तर शोरूमला जायच्या आधी एवढं करा. मागच्या वर्षीच्या सगळ्या पट्ट्या काढा. किती फेऱ्या झाल्या, किती भाडं गेलं, आणि गाडी वेळेवर न आल्यामुळे किती वेळा माल पडून राहिला, हे मोजा. यातला तिसरा आकडा कुणी लिहून ठेवत नाही. आमच्या वडिलांचा कॅलेंडरमागे होता.