दीर्घ मालिका आणि बोलींची प्रतिष्ठा

दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे चालणाऱ्या कौटुंबिक मालिकांकडे विद्वानांनी सहसा उपेक्षेने पाहिले आहे. त्यांचे कथानक पाल्हाळिक असते, हा आक्षेप खराच आहे. तथापि भाषेच्या अभ्यासकास हा पाल्हाळच महत्त्वाचा वाटावयास हवा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ब्रिटनमध्ये ९ डिसेंबर १९६० रोजी सुरू झालेली ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका आजही चालू असून, फेब्रुवारी २०२० मध्ये तिचे दहा हजार भाग पूर्ण झाले. मँचेस्टरलगतच्या सॅल्फर्ड येथील कामगारवस्तीवर ती बेतलेली आहे. उत्तर इंग्लंडची बोली तत्पूर्वी करमणुकीच्या कार्यक्रमांतून बहुधा विनोदापुरती ऐकू येई. या मालिकेत त्याच बोलीत माणसे भांडू लागली, संसार करू लागली, मृतांसाठी शोक करू लागली. दोन घटकांच्या प्रहसनात बोलीला हसून मोकळे होता येते. पण शेकडो भागांत तिला जगण्याची सर्वच कामे करावी लागतात. बोलीस प्रतिष्ठा लाभते ती यातून.

मराठीत हे घडावयास विलंब लागला. १९९७ मध्ये मुंबई दूरदर्शनवर सुरू झालेली ‘दामिनी’ ही पहिली दैनंदिन मराठी मालिका मानली जाते. तिची नायिका पत्रकार होती. १९९९ मध्ये आलेल्या ‘आभाळमाया’ची नायिका प्राध्यापिका. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. या मालिकांनी मराठी घरातील स्त्रीचे सुखदुःख रोजच्या चर्चेचा विषय केले, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु त्यांच्या नायिकांची भाषा प्रायः सुशिक्षित नागर मराठीच राहिली.

२०१६ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय होय. त्या वर्षी एकाच वाहिनीवर आलेल्या ‘रात्रीस खेळ चाले’, ‘माझ्या नवऱ्याची बायको’ आणि ‘तुझ्यात जीव रंगला’ या मालिकांत अनुक्रमे मालवणी, नागपुरी व कोल्हापुरी बोलणे रोज ऐकू येऊ लागले. पुढील वर्षी ‘लागिरं झालं जी’ने त्यांत साताऱ्याची भर घातली. मालवणीस रंगभूमी नवी नव्हती. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० पासून तिला अफाट लोकप्रियता मिळवून दिली होती, पण ती हास्याची होती. मालिकेत मालवणी भयाची आणि भाऊबंदकीची भाषा झाली. नागपूरची राधिका आरंभी गावंढळ ठरविली जाते. पुढे तीच मसाल्याची मोठी उद्योजिका होते. येथे बोलणाऱ्या व्यक्तीचा मान हाच कथेचा विषय झाला आहे.

या बोली पडद्यावर संपूर्ण उतरल्या, असे मात्र म्हणता येणार नाही. सर्व महाराष्ट्रास समजाव्यात म्हणून त्यांतील दुर्बोध शब्द गाळले जातात, आणि बोलीचा केवळ हेल व चार ठळक प्रत्यय उरतात. ‘चालतंय की’ एवढ्यावर कोल्हापूरची ओळख भागविली जाण्याचा धोका खरा आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य प्रस्तुत लेखकास पनवेलनजीकच्या करंजाडे येथे प्रकर्षाने जाणवते. सिडकोच्या या वसाहतीतील एकाच जिन्यावर सातारा, सिंधुदुर्ग व विदर्भ येथील कुटुंबे भेटतात. त्यांना एकमेकांच्या बोलण्याचा कान मालिकांनी काही अंशी दिला आहे. मात्र ज्यांच्या भूमीवर ही वसाहत उभी राहिली, त्या आगरी समाजाची बोली वर निर्दिष्ट केलेल्या मालिकांच्या मालिकेत नाही. लग्नात धवलारीण धवले गाते तेव्हा ती बोली आदराने ऐकली जाते. एरवी शेजाऱ्यांना ती बहुधा गमतीची वाटते. नव्या इमारतींतील आगरी मुले जिन्यावर प्रमाण मराठी बोलतात व आजीशीच काय ती आगरी.

बोली मरते ती केवळ शाळेमुळे नव्हे. गंभीर गोष्ट तीत सांगता येणार नाही, असे बोलणाऱ्यालाच वाटू लागले की तिचा ऱ्हास आरंभतो. हा समज मोडण्याचे सामर्थ्य दीर्घ मालिकेत आहे, हे २०१६ नंतरचा इतिहास दर्शवितो. आगरीस तशी संधी मिळेल तेव्हा ती बोलणारी नातवंडे उरली असावीत, एवढीच अपेक्षा.