ब्राउझरची संगणनक्षमता

वेग आणि मेमरी बाजूला ठेवली, तर ब्राउझरला तत्त्वतः कोणते हिशेब करता येतील, याचा विचार. त्यासाठीची कसोटी ॲलन ट्यूरिंग यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या कल्पित यंत्राची आहे. हवी तितकी लांब फीत, तिच्यावर एकेक घर सरकत चिन्हे वाचणारे-लिहिणारे डोके आणि मोजके नियम, एवढेच ते यंत्र. अशा कोणत्याही यंत्राची नक्कल जिला जमते ती प्रणाली ‘ट्यूरिंग-पूर्ण’.

नुसते एचटीएमएल या कसोटीला उतरत नाही; त्यात मजकुराची मांडणी सांगता येते, हिशेब नव्हे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपसाठी घडवलेली जावास्क्रिप्ट मात्र सहज उतरते. २०११ मध्ये फाब्रिस बेलार यांनी तिच्यात अख्खा पीसी उभा केला आणि ब्राउझरच्या टॅबमध्ये लिनक्स चालू झाले. पुढे आलेल्या वेबअसेम्ब्ली या यंत्रभाषेजवळच्या संकेताने वेग वाढवला. तात्त्विक क्षमता होती तेवढीच राहिली.

खरे नवल पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसचे. ‘नियम ११०’ या खेळात चौकटींची एक ओळ असते आणि तिच्याखाली पुढची ओळ मांडली जाते. वरच्या तीन शेजारी चौकटींवरून खालची ठरते: तिन्ही भरलेल्या, तिन्ही रिकाम्या किंवा फक्त डावी भरलेली असेल तर खालची रिकामी, एरवी भरलेली. एवढ्याशा नियमात कोणताही हिशेब मांडता येतो, ही मॅथ्यू कुक यांची सिद्धता २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. २०११ मध्ये हाच नियम जावास्क्रिप्टशिवाय, केवळ चेकबॉक्स आणि सीएसएस यांवर चालवून दाखवला गेला. मात्र त्यात पुढची चौकट ठरली तरी तिच्यावर खूण माणसालाच करावी लागते. ही अट न सांगता सीएसएसला ट्यूरिंग-पूर्ण म्हणणे योग्य नाही.

प्रत्यक्षात कोणत्याच ब्राउझरची फीत अमर्याद नसते. ३२-बिट वेबअसेम्ब्लीत एका मेमरीची कमाल ४ गिगाबाइट आहे.

ट्यूरिंग-पूर्णतेच्या ताकदीसोबत एक अडचण अटळपणे येते. दिलेला कोणताही प्रोग्रॅम कधी थांबेल की नाही, हे अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे ट्यूरिंग यांच्याच युक्तिवादातून निघते. त्यामुळे एखादे पान अडकले, तर ते लांबलचक हिशेबात गुंतले आहे की कायमचे गरगरते आहे, हे ब्राउझरला खात्रीने ठरवता येत नाही. तो घड्याळ पाहतो, ठरावीक वेळ उलटली की पान प्रतिसाद देत नसल्याची चौकट दाखवतो आणि वाट पाहायची की पान बंद करायचे, हे वापरणाऱ्याला विचारतो.