अमेरिकेतील विद्यार्थिनींची बास्केटबॉल स्पर्धा : एका हक्काची कथा

व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला की लढाया, तह आणि राजवंश यांची अपेक्षा असते. आज मी आपणांस एका खेळाच्या मैदानावर नेणार आहे, आणि तेही परक्या देशातील. अमेरिकेत दर वर्षी मार्च महिन्यात महाविद्यालयीन विद्यार्थिनींची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा सुरू होते. आज तीत ६८ संघ उतरतात. ही स्पर्धा कोणी उभी केली आणि ती उभी करणाऱ्यांच्या हाती का राहिली नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

हा खेळ १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स संस्थानातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने शोधून काढला. हिवाळ्यात घरात खेळता यावे म्हणून त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. जवळच्याच नॉर्दॅम्प्टन गावी स्मिथ कॉलेज नावाचे मुलींचे महाविद्यालय होते. तेथील शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिका सेंडा बेरेन्सन यांनी लगोलग तो खेळ आपल्या मुलींना शिकविला. २२ मार्च १८९३ रोजी तेथे पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला. पुरुषांना प्रवेश नव्हता. बाईंनी मुलींसाठी वेगळे नियम केले. मैदानाचे तीन भाग पाडले, आपला भाग सोडून कोणी जावयाचे नाही, दुसरीच्या हातून चेंडू हिसकावयाचा नाही. मुलींना दगदग सोसणार नाही ही त्या काळची समजूत यामागे होती. पण या नियमांमुळेच मुलींच्या हाती चेंडू आला, हेही विसरता येणार नाही. ४ एप्रिल १८९६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या मुली एकमेकींशी भिडल्या. स्टॅनफर्डने २–१ असा विजय मिळविला. प्रेक्षकांत सातएकशे स्त्रिया होत्या आणि पुरुष एकही नव्हता.

यावरून राष्ट्रीय स्पर्धा दहापाच वर्षांत सुरू झाली असेल असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तिला आणखी ७३ वर्षे लागली. आणि आश्चर्य असे की, आडवे आलेल्यांत स्त्रीशिक्षिकाच पुढे होत्या. पुरुषांच्या सामन्यांत पैसा, पैजा आणि मारामाऱ्या शिरल्या होत्या. त्यांची लागण मुलींना होऊ नये, या सद्हेतूने १९२३ पासून संघटित प्रयत्न झाले. चार महाविद्यालयांच्या मुली एकत्र आणावयाच्या, त्यांची सरमिसळ करून संघ पाडावयाचे, म्हणजे कोणतेच महाविद्यालय जिंकावयास नको आणि हरावयास नको, असे ‘खेळाचे दिवस’ साजरे होऊ लागले. मिसिसिपी संस्थानातील डेल्टा स्टेट येथे तर १९३० नंतर लवकरच, हा खेळ मुलींना झेपणारा नाही असे ठरवून संघच मोडून टाकण्यात आला. त्या संघातील मार्गारेट वेड आणि तिच्या मैत्रिणींनी निषेध म्हणून आपले खेळाचे पोशाख जाळले. हे नाव ध्यानात ठेवावे.

पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९६९ साली पेन्सिल्व्हेनियातील वेस्ट चेस्टर येथे भरली. कॅरोल एकमन या तेथील शिक्षिकेने ती आपल्या हिमतीवर भरविली. १६ संघ आले आणि यजमानच जिंकले. १९७१ मध्ये दोन गोष्टी घडल्या. मुलींना पाचपाच जणींनी संपूर्ण मैदानावर खेळण्याची मोकळीक मिळाली, आणि शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिकांनी ए. आय. ए. डब्ल्यू. नावाची स्वतःची संस्था स्थापन केली. पुढच्याच वर्षी, २३ जून १९७२ रोजी, सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेद करण्यास मनाई करणारा कायदा झाला. त्यालाच तेथे ‘नववे कलम’ म्हणून ओळखतात.

या नव्या संस्थेची पहिली विजेती कोण? इम्याक्युलाटा नावाचे, कॅथलिक सिस्टरांनी चालविलेले फिलाडेल्फियाजवळचे एक लहानसे महाविद्यालय. त्यांची व्यायामशाळा १९६७ मध्ये जळून गेली होती. मुली लोकरी झगे घालून खेळत. १९७२ च्या स्पर्धेला इलिनॉयला जाण्यास विमानाचे भाडे पुरेना, म्हणून आठच मुली गेल्या. पुढे तर त्यांनी प्रवासखर्चासाठी दात घासावयाचे ब्रशही विकले. ज्या वेस्ट चेस्टरने काही दिवसांपूर्वी त्यांना ३२ गुणांनी धूळ चारली होती, त्यालाच त्यांनी अंतिम सामन्यात ५२–४८ असे हरविले. त्या मुलींनी लागोपाठ तीन वर्षे विजेतेपद राखले. वृद्ध सिस्टर प्रेक्षकांत बसून बादल्या बडवीत, आणि त्या नादाचा प्रतिपक्षाने मोठा धसका घेतला होता.

त्यांची मालिका १९७५ मध्ये मोडली ती डेल्टा स्टेटने, आणि त्या संघाच्या मार्गदर्शक होत्या मार्गारेट वेड! चाळीस वर्षे बंद असलेला संघ १९७३ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि त्याने सलग तीन विजेतेपदे मिळविली. त्या संघातील लुसिया हॅरिस या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या बास्केटबॉलमधील पहिला गोल केला.

येथवर ही कथा चढत्या क्रमाची आहे. पण जेथे गूळ तेथे मुंगळे. पुरुषांच्या खेळांची श्रीमंत संघटना, एन. सी. ए. ए., हिने नवव्या कलमाच्या अंमलबजावणीला कडाडून विरोध केला होता आणि १९७६ मध्ये कोर्टही गाठले होते. कायदा हटत नाही आणि मुलींच्या सामन्यांना गर्दी होते असे दिसताच, १९८१ मध्ये तिने मुलींची स्पर्धा स्वतःच भरविण्याचे ठरविले. संघांचा प्रवासखर्च आम्ही देऊ, असे आमिषही दाखविले. २८ मार्च १९८२ या एकाच दिवशी दोन राष्ट्रीय अंतिम सामने झाले. नॉर्फोक येथे लुइझियाना टेकने चेनी स्टेटला ७६–६२ असे हरविले. फिलाडेल्फियात रटगर्सने टेक्ससवर ८३–७७ असा विजय मिळविला. त्यानंतर तीन महिन्यांत स्त्रियांच्या संस्थेने आपला कारभार आवरला, आणि मक्तेदारीविरुद्ध केलेला तिचा दावाही १९८३ मध्ये फेटाळला गेला.

यात मुलींचे नुकसान झाले की फायदा? प्रामाणिक उत्तर दोन्ही बाजूंचे आहे. प्रवासासाठी ब्रश विकण्याची पाळी संपली आणि शिष्यवृत्त्या वाढल्या. ज्या स्त्री-संस्थेने आरंभी खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यासच मनाई केली होती आणि १९७३ मध्ये कोर्टाच्या धाकाने ती उठविली, तिचे सारेच शहाणपणाचे होते असे नाही. उलट बाजू अशी की, १९७२ मध्ये मुलींच्या संघांना शिकविणाऱ्यांत दहापैकी नऊ स्त्रिया होत्या. आज त्या निम्म्यासुद्धा नाहीत. २०२१ मध्ये मुलग्यांच्या स्पर्धेत सुसज्ज व्यायामशाळा होती, तर सॅन अँटोनियो येथे मुलींपुढे डंबेल्सची एकच लहानशी घोडी ठेवलेली होती. एका खेळाडू मुलीने त्याचे चित्रण जगापुढे मांडले, तेव्हा कुठे चौकशी झाली. ‘मार्च मॅडनेस’ हे लोकप्रिय नाव लावण्याची परवानगी मुलींच्या स्पर्धेला त्यानंतर, २०२२ मध्ये मिळाली. दोनच वर्षांनी, २०२४ मध्ये, साउथ कॅरोलिना आणि आयोवा यांचा अंतिम सामना सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला, आणि पुरुषांच्या अंतिम सामन्याला इतका प्रेक्षक लाभला नाही. मुलींच्या विजयाबद्दल त्यांच्या महाविद्यालयांना संघटनेच्या तिजोरीतून वाटा देण्यास २०२५ मध्ये प्रथमच आरंभ झाला.

मुलींचा खेळ कोणी पाहात नाही, म्हणून त्यावर खर्च कशाला, हा युक्तिवाद आपल्याही शाळांच्या व्यवस्थापक मंडळांत ऐकू येतो. या सव्वाशे वर्षांच्या हकीकतीवरून दिसते ते इतकेच की, प्रथम दारे बंद ठेवावयाची आणि मग आत कोणी येत नाही असे म्हणावयाचे, असा तो युक्तिवाद आहे. आणि दुसरी गोष्ट अशी की, दार उघडून देणाऱ्याच्या हातीच किल्ली राहते. मार्गारेट वेड यांना चाळीस वर्षे थांबावे लागले. आपल्या गावच्या मैदानावर उद्या सकाळी उतरू इच्छिणाऱ्या मुलीला तितके थांबावे लागू नये, एवढे आपण पाहावे, ही माझी विनंती आहे.