भंडाऱ्याची पोटनिवडणूक, १९५४ : दोन मतांचा प्रश्न

राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर हे त्याच घटनेनुसार झालेल्या लोकसभेच्या निवडणुकांत दोनदा पराभूत झाले. प्रथम १९५२ मध्ये मुंबई शहर उत्तर मतदारसंघात आणि पुन्हा मे १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत. या पराभवांची मीमांसा बहुधा व्यक्ती व पक्ष यांच्या अंगाने केली जाते. ती अयथार्थ नव्हे. परंतु अपुरी आहे. दोन्ही लढती ज्या मतदानपद्धतीने झाल्या, त्या पद्धतीचा विचार केल्यावाचून या पराभवांचा अर्थ पुरता उलगडत नाही. प्रस्तुत टिपणाचा हेतू एवढाच आहे.

१९५६ पर्यंत वर्धा व भंडारा हे दोन्ही जिल्हे तत्कालीन मध्यप्रदेशात मोडत. वर्ध्याचा मतदारसंघ एकसदस्य होता. तेथून १९५२ मध्ये श्रीमन्नारायण अग्रवाल निवडून गेले. भंडाऱ्यातून मात्र दोन सदस्य निवडावयाचे होते व त्यांपैकी एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती. अशा ठिकाणी प्रत्येक मतदाराला दोन मते असत. मात्र ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. राखीव जागेसाठी पात्र असलेल्यांत ज्याला सर्वाधिक मते, तो प्रथम विजयी ठरे. नंतर उरलेल्या सर्व उमेदवारांत ज्याची मते अधिक, त्याला दुसरी जागा मिळे. म्हणजे राखीव जागेचा निर्णयही सर्व मतदारांच्या हाती होता. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने स्वीकारलेल्या संयुक्त मतदारसंघाच्या तत्त्वाचेच हे पुढचे रूप होय.

मुंबईत आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा समाजवादी पक्षाशी सहकार्याचा करार होता व अशोक मेहता हे त्यांचे सहउमेदवार होते. आंबेडकरांना १,२३,५७६ मते पडली. काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांना १,३८,१३७. अंतर १४,५६१ मतांचे. दुसरी जागाही काँग्रेसच्या विठ्ठल बाळकृष्ण गांधी यांनी जिंकली. मतदारांना एक मत वाया घालविण्यास प्रवृत्त केले गेले, असा आरोप करून आंबेडकर व मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. त्यातील एक प्रतिवादी कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे हे होते. तो अर्ज फेटाळला गेला. दरम्यान आंबेडकर मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून आले होते. तरीही लोकसभेचा प्रयत्न त्यांनी सोडला नाही.

ती संधी एका न्यायालयीन निर्णयाने आली. १९५२ मध्ये भंडाऱ्यातून काँग्रेसचे चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले होते. ते ज्या पेढीचे भागीदार होते, तिचा सरकारला विड्या पुरविण्याचा करार होता. शिवाय गंगाराम ठवरे यांचा राखीव जागेसाठीचा अर्ज, महानुभाव पंथ स्वीकारल्यामुळे ते महार राहिले नाहीत, या कारणावरून नाकारण्यात आला होता. फेब्रुवारी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठवरे हे महारच राहिले असे ठरविले आणि संपूर्ण निवडणूक रद्द केली. परिणामी दोन्ही जागा पुन्हा भरावयाच्या ठरल्या.

पोटनिवडणुकीत आंबेडकरांना १,३२,४८३ व काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांना १,४०,८६४ मते मिळाली. अंतर ८,३८१ चे. दुसरी जागा मात्र प्रजा समाजवादी पक्षातर्फे अशोक मेहता यांनी जिंकली. वर सांगितलेला नियम लक्षात घेतला की या निकालातून एक अनुमान अटळपणे निघते. राखीव जागा गमावल्यानंतरही आंबेडकर दुसऱ्या जागेस पात्र होतेच; ती मेहतांना मिळाली, याचा अर्थ मेहतांची मते आंबेडकरांपेक्षा अधिक होती. म्हणजेच मेहतांच्या काही मतदारांनी आपले दुसरे मत आंबेडकरांना दिले नाही. उलटपक्षी, फेडरेशनच्या मतदारांनी दुसरे मत वाया घालवावे, ही कार्यकर्त्यांची सूचना आंबेडकरांनी नाकारली, असे त्यांच्या चरित्रपर साहित्यात नमूद आहे.

तथापि हा दोष केवळ पद्धतीचा मानणे युक्त होणार नाही. १९५२ मध्ये सोलापूरच्या द्विसदस्य मतदारसंघातून फेडरेशनचे पां. ना. राजभोज व शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे असे दोघेही निवडून आले. जेथे इतर समाजांची मते मिळाली, तेथे राखीव जागेवर स्वतंत्र पक्षाचा उमेदवार निवडून येऊ शकला; जेथे ती मिळाली नाहीत, तेथे आंबेडकरांसारख्या नेत्यालाही यश आले नाही. राखीव जागेमुळे प्रतिनिधीची जात निश्चित होत होती. तो कोणाच्या विश्वासातला असावा, हे निश्चित होत नव्हते.

आंबेडकरांनी पुढे घेतलेली भूमिका या पार्श्वभूमीवर पाहणे उचित ठरेल. ऑगस्ट १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने विधिमंडळांतील राखीव जागा रद्द करण्याची मागणी केली. त्याच वर्षीच्या भाषिक राज्यांविषयीच्या इंग्रजी ग्रंथात आंबेडकरांनी दोन वा तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची मतदाराला मुभा, असा पर्याय सुचविला. १९५२ व १९५४ मध्ये जे मत बाद ठरे, ते या पर्यायात ग्राह्य ठरले असते. आणि अल्पसंख्य समाजाला आपली शक्ती एकवटून स्वतःच्या विश्वासाचा प्रतिनिधी पाठविता आला असता.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपुष्टात आले. राखीव जागा एकसदस्य मतदारसंघांत कायम राहिल्या. तो पर्याय मात्र अमलात आला नाही. म्हणून भंडाऱ्याचे ८,३८१ मतांचे अंतर हा केवळ चरित्राचा तपशील नव्हे. राखीव जागेवरील प्रतिनिधी कोणाला उत्तरदायी असतो, हा त्या अंतराने पुढे आणलेला प्रश्न प्रातिनिधिक लोकशाहीच्या अभ्यासकाला आजही टाळता येत नाही.