तळटीप १२ : दुसऱ्या पसंतीची मते

१२. येथे संदर्भ १६ ऑगस्ट १९६९च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा आहे. सामान्य नागरिक या निवडणुकीत स्वतः मत देत नाही. त्याचे आमदार-खासदार मतपत्रिकेवर नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितात. पहिला आकडा सक्तीचा, पुढचे ऐच्छिक. पहिल्या मोजणीत व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि आपल्या चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९ इतक्या मूल्याची मते पडली. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. देशमुखांसह बाकीचे उमेदवार एकेक करून बाद झाले, त्यांच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीनुसार वळल्या आणि गिरी ४,२०,०७७ वर, रेड्डी ४,०५,४२७ वर पोचले. हरणाऱ्याच्या पाठीराख्यांना यात दोन मते मिळतात, हा आक्षेप टिकत नाही, कारण कोणतीही मतपत्रिका एका वेळी एकाच उमेदवाराच्या खात्यावर असते. आघाडीवरचाच जिंकला, मग हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. पण वळलेल्या मतांपैकी रेड्डींना ९१,८७९ मिळाली, गिरींना अवघी १८,५६२. पहिल्या मोजणीतली आघाडी म्हणजे बहुमत नव्हे, हे याहून स्पष्ट कसे दिसावे? उरलेल्या १०,८३३ मूल्याच्या मतपत्रिकांवर या दोघांपैकी कोणालाच पसंती नव्हती, त्यामुळे त्या अखेरच्या मोजणीत धरल्या गेल्या नाहीत.