हलका धान, भारी पाणी

भंडारा, शनिवार २९ ऑगस्ट २०२०, संध्याकाळ

तोंडावरचा मास्क खाली करू नका. तुम्ही साथीच्या सहाव्या महिन्यात उतरला आहात आणि काठावर गर्दी आहे. समोर वैनगंगा. कारध्याचा लहान पूल शोधू नका, तो पाण्याखाली गेलाय. मोठ्या पुलावर थांबलेले ट्रक आणि वाकून खाली बघणारी माणसं तेवढी दिसतात. अनंत चतुर्दशी मंगळवारी आहे. यंदा मिरवणूक नाही, त्यामुळे ढोलताशाचा सराव नाही, आणि पाण्याचा आवाज गावभर ऐकू येतोय.

इथल्या पावसाकडे बघून या पुराचा अंदाज येत नाही. पाणी वरून येतंय. बंगालच्या उपसागरातून निघालेला कमी दाबाचा पट्टा मध्य प्रदेशावर कोसळला, सिवनी जिल्ह्यातलं संजय सरोवर भरलं आणि तिथलं पाणी वैनगंगेत सुटलं. शेजारच्या खोऱ्यात पेंचवरची धरणंही भरली. ते पाणी कन्हानमधून अंभोऱ्याला याच नदीत येऊन मिळतं. दोन खोऱ्यांचा पाऊस एका पात्रात, एकाच वेळी.

तुमच्या शेजारचा पन्नाशीचा माणूस मात्र नदीकडे पाहत नाही. तो फोनवर आहे.

"पानी कोटवरी आला गा?"

पलीकडून काय उत्तर येतं ते ऐकू येत नाही. मग तो विचारतो, "आन् ढोलकी?"

थोड्या वेळाने त्याचा चेहरा सैल होतो. "आढ्याले टांगली का? बरा केला."

हा शेतकरी आहे, आणि नाटकवेडा आहे. झाडीपट्टीत या दोन गोष्टी एकाच माणसात सापडतात. आजची रात्र तुम्ही याच्याबरोबर काढायची.

रात्र, गच्चीवर

वीज गेली आहे. नदीकडच्या वस्त्यांतून माणसं निघून शाळांमध्ये, नातेवाइकांकडे, उंचावरच्या घरांत गेली आहेत. तुम्हीही अशाच एका घराच्या गच्चीवर आहात, सात-आठ जणांसोबत. फोनची बॅटरी जपून वापरायची, असं ठरलंय. तरी दर दहा मिनिटांनी कोणाचा तरी फोन वाजतो. पवनीहून, लाखांदूरहून, नदीपार वडस्याहून. माणसं सुखरूप आहेत का, जनावरं सोडली का, हे आधी विचारून होतं. मग प्रश्न वळतात. पडदे कुठे आहेत? ऑर्गन कोणाच्या घरी ठेवला होता? खडीगंमतीचा तो म्हातारा शाहीर नदीकाठीच राहतो ना, त्याला कोणी आणलं का?

"बाहेरच्यांना वाटेल, घर बुडतंय आणि यांना नाटकाचं पडलंय," तुम्ही मनात म्हणता. थांबा थोडं. हे लोक काय मोजताहेत ते आधी समजून घ्या.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग मिळून झाडीपट्टी होते. तळ्यांचा, जंगलाचा, धानाचा मुलूख. इथल्या नाटकाचं वेळापत्रक बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, ठरतं. जुलै-ऑगस्टात रोवणी. दिवाळीच्या सुमारास हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान हाती येतो, थोडा पैसा खेळू लागतो आणि भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात. दिवसा मंडईत दंडार, खडीगंमत असे लोककलाप्रकार, रात्री नाटक. पुढे उशिरा पिकणारा भारी धान निघतो, पुंजणे (गंजी) लागतात, चुरणे (मळणी) होते, आणि शंकरपटाबरोबर, म्हणजे बैलांच्या शर्यतींबरोबर, नाटकांचा दुसरा बहर येतो, थेट होळीपर्यंत. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या व्यवसायाचं ठाणं. तिथली मंडळं नट, नट्या, वादक, नेपथ्य आणि पडदे गाडीत घालून रोज नव्या गावी जातात.

प्रयोग दहाच्या पुढे सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. प्रेक्षकांसाठी जमीन उतरती खोदून मोठा खड्डा करतात, त्यावर कनाती. गावात नाटक असलं की घरोघरी पाहुणे. लेकी माहेरी येतात, सोयरीक जुळवायला आलेली मंडळी रात्री नाटकाला बसतात, मुलगी दाखवण्याचे कार्यक्रम दुसऱ्या दिवशी उरकतात. सरकारी अनुदानाची वाट न पाहता तिकिटावर चालणारी अशी ग्रामीण रंगभूमी महाराष्ट्रात दुसरीकडे सहज सापडणार नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी इथली दंडार आणि झाडीबोली अभ्यासली, ग्रंथबद्ध केली, म्हणून बाहेरच्यांना त्यांची नावं तरी कळली.

आता गच्चीवरचे प्रश्न पुन्हा ऐका. ढोलकी कुठे आहे, असं विचारणारा माणूस आपलं दिवाळीनंतरचं वर्ष शाबूत आहे का, हे विचारतो आहे.

न्यू ऑर्लिन्स, सोमवार २९ ऑगस्ट २००५

एक उडी घ्या. तारीख तीच, पंधरा वर्षं मागे. मुंबईतला २६ जुलैचा प्रलय होऊन महिना झालाय, आणि तुम्ही अमेरिकेत मिसिसिपीच्या मुखाजवळच्या शहरात आहात. सकाळी कतरिना वादळ किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्यापेक्षा घात केला तो कालव्यांच्या भिंतींनी: त्या फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला.

जॅझ याच शहरात जन्मला. इथल्या संगीताचे जगभरातले चाहते आज रात्री जागे आहेत आणि एकमेकांना विचारताहेत: फॅट्स डॉमिनो कुठे आहे? ७७ वर्षांचा पियानोवादक, बुडालेल्या लोअर नाइन्थ वॉर्डमध्ये राहणारा. दोन-तीन दिवस त्याचा पत्ता नाही. कोणीतरी त्याच्या घराच्या भिंतीवर श्रद्धांजलीही रंगवून टाकली. मग वर्तमानपत्रातल्या एका छायाचित्रात त्याच्या मुलीने त्याला ओळखलं: बोटीतून उतरवला जाणारा, जिवंत. क्लॅरिनेटवादक आणि इतिहासकार मायकेल व्हाइट बचावला, पण त्याच्या घरातल्या जुन्या क्लॅरिनेट, ध्वनिमुद्रिका आणि स्वरलिपींचा अनेक वर्षांचा संग्रह पाण्यात गेला.

वाद्यं पुढे मिळाली. जगभरातून देणग्या आल्या, संगीतकारांसाठी स्वतंत्र वसाहत बांधली गेली. पण त्या शहराचं संगीत रस्त्यावर चालतं. ब्रास बँड पुढे, मागे नाचणारी अख्खी वस्ती, आणि त्याचा खर्च उचलणारी वर्गणीवरची मंडळं. वर्गणी भरणारे शेजारी ह्यूस्टनला, अटलांटाला विखुरले गेले, त्यातले कित्येक परत आलेच नाहीत. बँडला कर्णे मिळाले, तरी मागून चालणारी वस्ती कुठून आणायची, हा प्रश्न वर्षानुवर्षं उरला.

हे लक्षात ठेवा आणि परत या.

गोसेखुर्द, रविवार ३० ऑगस्ट २०२०

पवनी तालुक्यातलं हे धरण. १९८८ साली राजीव गांधींनी भूमिपूजन केलेलं, त्यानंतर तीन दशकं बांधकाम, पुनर्वसन आणि आंदोलनं यांच्यात रखडलेलं. आज त्याचे सगळे ३३ दरवाजे उघडे आहेत. इथे उभं राहिलं की पेच उघडा दिसतो. पाणी अडवावं तर फुगवटा मागे भंडाऱ्याच्या अंगावर चढतो. सोडावं तर खाली लाखांदूर, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी. लाडजसारखं, चहूबाजूंनी वैनगंगेने वेढलेलं गाव तर जगापासून तुटलेलंच आहे.

दूरचित्रवाणीवर दिवसभर मुंबईतल्या एका अभिनेत्याच्या मृत्यूची चौकशी चालू आहे. पूर्व विदर्भाची बातमी खालच्या पट्टीतून सरकते.

तुमच्या सोबत्याचा फोन वाजतो. वडस्याहून आहे.

"तुमच्याकडला पानी आता आमच्याकडे येऊन रायला गा," पलीकडचा म्हणतो.

भंडाऱ्यातल्या प्रेक्षकाच्या बांधीतून निघालेलं पाणी एका दिवसात त्याच्या नटाच्या दारात पोचतं. यांच्यात नदी एकच आहे.

सप्टेंबर, पाणी उतरल्यावर

आता बांधीत उतरा, चप्पल हातात घेऊन. पाणी गेलंय, गाळ राहिलाय. धानाला पाणी लागतं, पण पाण्याखाली दम कोंडून राहणं त्याला जमत नाही. गढूळ पाण्यात आठवडाभर बुडाला की पानं सडतात, फुटवे मरतात. हलका धान फुटव्याच्या पुढे गेलेला होता, म्हणजे दिवाळीचा पैसा ज्याच्यावर होता तोच आधी गेला. पुन्हा रोवणी करायला परे, म्हणजे रोपं, उरलेले नाहीत आणि मोसमही.

तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला आले आहेत. ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान झालं असेल तरच मदत, असा नियम. कागदावर हेक्टर लिहिले जातात, पडलेली घरं लिहिली जातात, वाहून गेलेली जनावरं लिहिली जातात. तुमचा सोबती निमूट सही करतो. मंडईची वर्गणी, पाहुण्यांचा स्वयंपाक, चार रात्रींची तिकिटं, मुलीची ठरू घातलेली बैठक, यांना कागदावर रकाना नाही. त्याने मागितलाही नाही.

सोमवार १६ नोव्हेंबर २०२०, भाऊबीज

नाट्यगृहं निम्म्या क्षमतेने उघडायला राज्य सरकारने ५ नोव्हेंबरपासून परवानगी दिली आहे. पुण्या-मुंबईत त्याचा आनंद आहे. इथे खड्ड्यातल्या नाटकाची क्षमता कोणी मोजायची? सात-आठ गावांची माणसं दाटीवाटीने बसतात, हेच तर त्याचं अर्थशास्त्र.

वडस्यात नाटक कंपन्यांच्या दारांवर एरवी या दिवशी तारखा मागणाऱ्यांची रीघ असते. यंदा नट मजुरीवर आहेत, कोणी भाजी विकतोय, कोणी बांधकामावर. तुम्ही म्हणाल, हे साथीमुळे. बरोबर, पण अर्धंच. साथीने परवानगी काढून घेतली. पुराने ऐपत काढून घेतली. परवानगी एका शासकीय आदेशाने परत मिळते. ऐपत परत यायला पुढचा हंगाम लागतो, तोही चांगला गेला तर.

असा मार या रंगभूमीने आधीही खाल्लाय. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, शंकरपट थांबले आणि पटाला जमणाऱ्या गर्दीवर लागणारी नाटकं कमी झाली. तेव्हाही कोणी नाटकावर बंदी घातली नव्हती. खेड्यात एकत्र येण्याचं एक निमित्त काढून घेतलं, एवढंच.

परत, आजमध्ये

तुम्ही परत आलात. मधल्या काळात बरंच चांगलं घडलं. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना न्यायालयाची परवानगी मिळाली, पट पुन्हा भरू लागले. मंडया परतल्या. जानेवारी २०२३ मध्ये झाडीपट्टीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली आणि ज्यांनी या मुलखाचं नाव ऐकलं नव्हतं, त्यांनी नकाशावर वडसा शोधलं.

पण कलेचा विचार आपण अजून वादळातल्या चाहत्यांच्या पहिल्या रात्रीसारखाच करतो: कलाकार वाचला का, वाद्य वाचलं का. तो प्रश्न माणुसकीचा आहे, तो विचारलाच पाहिजे. न्यू ऑर्लिन्सने त्यापुढचा प्रश्न शिकवला आणि वैनगंगेने तो आपल्या भाषेत विचारला: ऐकणारा वाचला का? झाडीपट्टीचा प्रेक्षक हाच तिचा मालक, तिचा सावकार आणि तिचा समीक्षक. तो बांधीत उभा आहे.

म्हणून लोककलेसाठी महोत्सव, पुरस्कार, मानधन जरूर द्या, पण ते दिवाळीच्या वर्गणीची जागा घेत नाहीत. वरच्या धरणातून पाणी सोडण्याची सूचना मध्य प्रदेशातून भंडाऱ्याच्या शेवटच्या गावापर्यंत काही तास आधी पोचली, तर जनावरं वाचतील आणि ढोलकीही वाचेल. धानाची नुकसानभरपाई भाऊबीजेआधी खात्यात पडली, धानाला वेळेवर भाव आणि बोनस मिळाला, तर मंडई भरेल आणि वडस्याची गाडी गावात येईल. पाटबंधारे, महसूल आणि पणन या तीन खात्यांच्या टेबलांवर झाडीपट्टीचा नाट्यहंगाम ठरतो. सांस्कृतिक खात्याचा नंबर त्यांच्यानंतर लागतो.